न मोजलेल्या घरांचा हिशेब

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात विटांच्या दुमजली घरांच्या रांगाच रांगा आहेत. सरकारदप्तरी यातलं एकेक घर एका किंवा फार तर दोन कुटुंबांचं. पण दाराशी जाऊन नीट पाहिलं की दप्तर आणि घर यांचा मेळ बसेनासा होतो. बेलची बटणं चार असतात, टपालपेट्या तीन, आणि बाजूच्या बोळात विजेचे मीटर दोनाऐवजी चार. तळघराच्या पायऱ्यांशी वेगळं दार, त्याला वेगळं कुलूप. न्यूयॉर्कच्या नगर नियोजन खात्यातले लोकसंख्येचे अभ्यासक जनगणनेच्या आधी अशाच खुणा शोधत रस्तोरस्ती फिरतात.

त्याला कारण आहे. अमेरिकेत जनगणना संघ सरकारचा सेन्सस ब्युरो करतो, पण मोजणीआधी पत्त्यांची यादी तपासायची संधी स्थानिक सरकारांना मिळते. यादीत ज्या घराचा पत्ता नाही, त्या घरी ना फॉर्म जातो, ना प्रगणक. तिथे राहणारी माणसं मोजणीपुरती अस्तित्वातच नसतात. २०२० च्या जनगणनेआधी न्यूयॉर्कने या यादीत अडीच लाखांहून अधिक घरांची भर घातली. एवढी घरं म्हणजे एक मोठं शहरच झालं, आणि ते संघ सरकारच्या यादीतून निसटलेलं होतं.

याच शहराचं दुसरं मोठं काम वीज आणि इंधन वाचवण्याचं. इमारतींच्या छतांना पांढरा लेप लावणं, जुन्या बॉयलरची दुरुस्ती, घरमालकांना फुकट तांत्रिक सल्ला, इमारतीच्या दारावर ऊर्जेची श्रेणी लावण्याची सक्ती, असं बरंच काही त्यात येतं. वरवर पाहता माणसं मोजण्याचा आणि छत रंगवण्याचा संबंध नाही. महापालिकेतही ही दोन वेगळी खाती. पण दोन्ही कामांचा तपशील पाहिला की ती एकाच दाराशी येऊन अडखळतात. ज्या घरात जनगणनेचा फॉर्म पोचत नाही, त्याच घरात हिवाळ्यात खिडकीच्या फटीतून वारा येतो आणि उन्हाळ्यात भट्टी पेटते. शहराचे हे दोन्ही उपक्रम किती यशस्वी, हे त्या घरावरून ठरवावं असं मला वाटतं.

आधी जनगणनेत काय पणाला लागलेलं असतं ते पाहू. संसदेतल्या प्रतिनिधीगृहाच्या जागा राज्यांना लोकसंख्येवरून मिळतात. २०२० च्या मोजणीनंतर न्यूयॉर्क राज्याच्या जागा २७ वरून २६ झाल्या. इतर राज्यांचे आकडे तेच राहून न्यूयॉर्कमध्ये आणखी फक्त ८९ माणसं मोजली गेली असती, तर ती जागा वाचली असती. राज्याची लोकसंख्या दोन कोटींच्या वर आहे हे लक्षात घेतलं, तर ८९ म्हणजे एखाद्या इमारतीचा एक मजला.

जागेची बातमी झाली, पैशाची होत नाही. घर उबदार ठेवण्याच्या बिलात गरीब कुटुंबांना मदत करणारी संघ सरकारची एक योजना १९८१ पासून चालू आहे. खिडक्यादारांच्या फटी बुजवणं, भिंतीत आणि माळ्यावर उष्णतारोधक थर भरणं, यासाठीची दुसरी योजना १९७६ पासूनची. दोन्हींचा पैसा राज्यांना वाटताना जनगणनेवर आधारलेली आकडेवारी लागते. म्हणजे तळघरातलं कुटुंब मोजलं गेलं नाही, तर त्याच्या वाट्याची फट बुजवण्याचा पैसाही कमी येतो, आणि तो पुढची दहा वर्षं कमी येत राहतो.

मग माणसं मोजून का घेत नाहीत? भीतीपोटी. आणि ती भीती निराधार आहे असं म्हणता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत डांबलं गेलं, तेव्हा कुठल्या वस्तीत ते किती आहेत याची माहिती सेन्सस ब्युरोनेच पुरवली होती. पुढे कायदे कडक झाले. आज एखाद्या कुटुंबाची माहिती फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, आणि नावनिशीवार कागदपत्रं ७२ वर्षं खुली होत नाहीत. पण मार्च २०१८ मध्ये ट्रम्प प्रशासनाने २०२० च्या फॉर्ममध्ये ‘तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का?’ हा प्रश्न घालायचं जाहीर केलं आणि जुनी भीती नव्याने जागी झाली. न्यूयॉर्क राज्य इतर अनेकांसह कोर्टात गेलं. जून २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारने दिलेलं कारण पटण्याजोगं नाही असं म्हणत तो प्रश्न अडवला. छापील फॉर्ममधून प्रश्न गेला, पण तो येणार ही बातमी घरोघर पोचलेली होती. प्रश्न गेल्याची बातमी तितकी पोचली नाही.

घरमालकाची भीती आणखी वेगळी. तळघर परवानगीशिवाय भाड्याने दिलेलं असतं. भाडेकरूने फॉर्मवर पत्ता लिहिला तर महापालिकेची नोटीस येईल, या धास्तीने तो भाडेकरूला गप्प राहायला सांगतो. भाडेकरूलाही घर जायचं भय असतंच. आपल्याकडे अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

अशा दारावर सरकारी माणसाने थाप मारून काम होत नाही, हे ओळखून न्यूयॉर्कने २०१९ मध्ये जनगणनेसाठी स्वतंत्र कार्यालय उघडलं आणि या मोहिमेसाठी ४ कोटी डॉलर बाजूला काढले. त्यातला मोठा भाग जाहिरातींवर न घालवता वस्तीतल्या दीडशेहून अधिक संस्थांना दिला. स्थलांतरितांची मंडळं, भाडेकरूंच्या संघटना, वाचनालयं, प्रार्थनास्थळं. नेहमीच्या ओळखीतलं माणूस सांगतं तेव्हाच लोक फॉर्म हातात घेतात, हा त्यामागचा विचार होता आणि तो अगदी बरोबर होता.

भाषेचा मुद्दा इथे येतो. २०२० मध्ये इंग्रजीखेरीज १२ भाषांतून ऑनलाइन किंवा फोनवर उत्तरं देता येत होती. त्यांत स्पॅनिश, चिनी, अरबी, हैतीची क्रिओल, जपानी अशा भाषा होत्या. भारतीय उपखंडातली एकही नव्हती. फॉर्म कसा भरायचा हे सांगणाऱ्या मार्गदर्शिका मात्र ५९ भाषांत निघाल्या, आणि त्यांत बंगाली, गुजराती, पंजाबी, तमिळ यांच्या जोडीने मराठीही होती. इंग्रजी उत्तम येणाऱ्या मराठी अभियंत्याला तिची गरज पडली नसेल, पण नातवंडं सांभाळायला गेलेल्या आजीआजोबांना आपण तिथेच राहत असू तर आपलीही मोजणी व्हायची आहे, हे मराठीतून वाचायला मिळालं. मोजल्याचा उपयोग काय, याचं क्वीन्समध्येच एक ठसठशीत उदाहरण आहे. मतदान हक्क कायद्यानुसार एखाद्या भाषिक गटाची संख्या ठराविक मर्यादेवर गेली की मतपत्रिका त्यांच्या भाषेत द्यावी लागते. सेन्सस ब्युरोच्या आकडेवारीवरून २०११ मध्ये क्वीन्समधले भारतीय वंशाचे मतदार त्या मर्यादेत बसले, बंगालीची निवड झाली, आणि २०१३ पासून तिथे मतपत्रिकेवर बंगाली अक्षरं आली.

जनगणनेचे फॉर्म मार्च २०२० च्या मध्यावर घरोघर जाऊ लागले, आणि २२ मार्चला न्यूयॉर्क बंद झालं. वाचनालयांत मांडायची टेबलं, रस्त्यावरच्या सभा, घरभेटी, सगळं ठप्प. संस्थांच्या कार्यकर्त्यांनी फोन हातात घेतले. त्याच उन्हाळ्यात शहरासमोर दुसरा पेच उभा राहिला. एरवी वृद्ध माणसं उकाड्यात वाचनालयात, थंड हवेच्या सार्वजनिक केंद्रांत जाऊन बसतात, तीही बरीचशी बंद. घरात राहावं तर उष्माघात, बाहेर पडावं तर करोना. शहराने कमी उत्पन्नाच्या वृद्धांच्या घरी सुमारे ७४ हजार एअर कंडिशनर फुकट बसवून दिले. ऊर्जाबचतीच्या दृष्टीने हा उपाय उलटाच, कारण त्याने विजेचा वापर वाढतो. पण ते करणं भाग होतं. छत आणि भिंती आधीच सुधारल्या असत्या तर इतकी यंत्रं लागली नसती, हे मात्र खरं.

आता इमारतींकडे वळू. न्यूयॉर्कच्या हरितगृह वायूंपैकी सुमारे दोन तृतीयांश इमारतींतून येतात. शहराला भुयारी रेल्वे आहे, माणसं चालतात, त्यामुळे मोटारींचा वाटा तुलनेने कमी. सगळा प्रश्न येऊन थांबतो तो घर गरम करण्यावर.

जुन्या इमारतींत तळघरात बॉयलर असतो. तो पाण्याची वाफ करतो, वाफ लोखंडी पाइपांतून वर चढते आणि प्रत्येक खोलीतल्या जाडजूड रेडिएटरमध्ये शिरते. बऱ्याच ठिकाणी पाइप एकच. त्यातूनच वाफ वर जाते आणि थंड होऊन पाणी झाली की त्यातूनच खाली येते. दोघांची गाठ पडली की पाइपांतून घणाचे घाव घातल्यासारखा आवाज येतो. हवा बाहेर सोडणारी छोटी झडप गंजली असेल तर वाफ आत शिरतच नाही आणि ती खोली गारठते. शेजारची खोली मात्र तापून निघते. भाडेकरूच्या हातात बटण नसतं, म्हणून तो ऐन जानेवारीत खिडकी उघडतो. बाहेर बर्फ, आत तेल किंवा गॅस जळतोय, आणि ती ऊब सरळ रस्त्यावर.

हे वर्षानुवर्षं का चालतं, याचं उत्तर तंत्रज्ञानात कमी आणि पैशाच्या व्यवहारात जास्त आहे. न्यूयॉर्कच्या कायद्याप्रमाणे १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात घरमालकाने घर गरम ठेवलंच पाहिजे. बाहेरचं तापमान सुमारे १३ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की दिवसा घरात किमान २० अंश, आणि रात्री बाहेर कितीही असो, सुमारे १७ अंश. खोली थंड राहिली तर तक्रार होते, दंड होतो. खोली फार तापली तर कुणी विचारत नाही. त्यामुळे मालक सगळ्यांत गार खोलीकडे बघून बॉयलर चालवतो आणि बाकीची इमारत भाजून निघते. इंधनाचं बिल मालकाचं, म्हणून भाडेकरूला उघड्या खिडकीची फिकीर नाही. विजेचं बिल भाडेकरूचं, म्हणून उन्हाळ्यात खिडकीतल्या एअर कंडिशनरभोवतीची फट बुजवावी असं मालकाला वाटत नाही. खर्च एकाने करायचा आणि फायदा दुसऱ्याने घ्यायचा, अशी ही रचना आहे. आणि इलाज किती साधे आहेत! झडपा बदलणं, उघड्या पाइपांना वेष्टन घालणं, रेडिएटरला तापमानानुसार आपोआप बंद होणारी चावी बसवणं, काही खोल्यांत तापमापक लावून त्यावर बॉयलर चालवणं. हे नळकाम करणाऱ्या कुशल माणसाच्या आवाक्यातलं काम आहे.

शहराने या गाठीला दोन बाजूंनी हात घातला. एक बाजू सक्तीची. २००९ च्या कायद्याने मोठ्या इमारतींना दरवर्षी ऊर्जेचा वापर जाहीर करणं बंधनकारक झालं. पुढे ही मर्यादा २५ हजार चौरस फुटांपर्यंत खाली आणली आणि २०२० पासून अशा इमारतींच्या दारावर ए, बी, सी, डी अशी श्रेणी झळकू लागली. आकडेच न देणाऱ्याला एफ. उपाहारगृहांच्या स्वच्छतेची अक्षरं दारावर वाचायची सवय न्यूयॉर्ककरांना २०१० पासून होतीच. त्यानंतर २०१९ मध्ये ९७ क्रमांकाचा स्थानिक कायदा आला. त्याने २५ हजार चौरस फुटांवरच्या इमारतींना उत्सर्जनाची कमाल मर्यादा घालून दिली. २०२४ पासून ती लागू झाली, २०३० ला आणखी आवळली जाईल, आणि मर्यादेवरच्या प्रत्येक टनाला वर्षाला २६८ डॉलर दंड आहे. परवडणाऱ्या भाड्याच्या बऱ्याच इमारतींना यात वेगळी वाट दिली आहे. त्यांनी १३ ठरलेली कामं करून दाखवली तरी चालतं, आणि त्या यादीत पाइपांचं वेष्टन आणि रेडिएटरच्या चाव्या आहेत. सुधारणेचा सगळा खर्च भाड्यावर चढून गरीब भाडेकरू बेघर होऊ नये, ही त्यामागची काळजी. मला हा त्या कायद्यातला सगळ्यांत शहाणा भाग वाटतो.

दुसरी बाजू हाताला धरून नेण्याची. इमारतीला काय करता येईल, कर्ज कुठून मिळेल, कंत्राटदार कसा निवडावा, याचा फुकट सल्ला शहर देतं. आणि छतं रंगवण्याचा उपक्रम २००९ पासून चालू आहे. काळं डांबरी छत कडक उन्हात ८० अंशांच्या आसपास तापू शकतं. त्यावर परावर्तन करणारा पांढरा लेप दिला की वरच्या मजल्याचा ताप पुष्कळ उतरतो. आपल्याकडे गच्चीला चुना मारतात त्यामागे हीच रीत आहे. आतापर्यंत १ कोटी चौरस फुटांहून अधिक छत असं पांढरं झालं आहे. आधी हे काम स्वयंसेवक करत, पुढे बेरोजगार तरुणांना त्याचं प्रशिक्षण देऊन रोजगाराची जोड दिली. कुठल्या वस्तीत आधी जायचं हे ठरवायला शहराच्या आरोग्य खात्याने उष्णतेच्या धोक्याचा निर्देशांक तयार केला आहे. वस्तीतलं तापमान, झाडं, उत्पन्न, किती घरांत एअर कंडिशनर आहे, हे सगळं त्यात धरलं जातं. यातले माणसांविषयीचे आकडे लोकांच्या उत्तरांवरूनच येतात. वस्ती अर्धवट मोजली गेली तर छत रंगवणाऱ्यांचा नकाशाही तितकाच अर्धवट राहतो.

इथे शहराच्या दोन्ही प्रयत्नांची मर्यादा एकत्र दिसते. ९७ क्रमांकाचा कायदा सुमारे ५० हजार मोठ्या इमारतींना लागू होतो. त्या इमारतींना व्यवस्थापक असतात, पत्ते पक्के असतात, आणि जनगणनेच्या यादीतही त्या सहज सापडतात. क्वीन्समधलं चार बेलचं दुमजली घर २५ हजार चौरस फुटांच्या कितीतरी खाली. ना त्याला श्रेणी, ना दंड, ना कुणी सल्लागार त्याच्या पायऱ्या उतरत. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या उरलेल्या पावसाने न्यूयॉर्क बुडालं तेव्हा शहरात १३ माणसं दगावली. त्यांतली ११ तळघरातल्या घरांत होती. त्या रात्रीनंतर शहराला आपल्याकडे अशी घरं किती आणि कुठे, याची नक्की यादी हवीशी वाटू लागली.

जनगणनेचा निकाल काय लागला? शहरातल्या सुमारे ६२ टक्के घरांनी स्वतःहून फॉर्म भरला. देशाचं प्रमाण ६७ टक्के होतं. बाकीच्या दारांशी प्रगणक गेले. शेवटी लोकसंख्या ८८ लाख ४ हजार १९० भरली, २०१० पेक्षा ६ लाख २९ हजारांनी जास्त. महासाथीतल्या मोजणीचं हे यश सगळ्यांना चकित करणारं होतं. पण सेन्सस ब्युरोने नंतर केलेल्या पडताळणीत न्यूयॉर्क राज्याची मोजणी सुमारे ३.४ टक्के जास्त झाल्याचं निघालं. याच पडताळणीत देशभरात लॅटिनो सुमारे ५ टक्के आणि कृष्णवर्णीय ३.३ टक्के कमी मोजले गेल्याचं दिसलं. गोरे आणि आशियाई थोडे जास्त भरले. पाच वर्षांखालची मुलंही सुटली. म्हणजे एकूण आकडा भरघोस आणि तरी आतली वाटणी चुकलेली, असं होऊ शकतं. दोन घरं असलेला माणूस दोनदा मोजला जातो आणि एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबातलं तान्हं बाळ एकदाही नाही.

महाराष्ट्रातल्या शहरांनी या तपशिलाकडे पाहण्याची वेळ अगदी योग्य आहे. २०११ नंतर आपली जनगणना थेट २०२७ ची, १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भ दिनांक, आणि एप्रिल ते सप्टेंबर २०२६ हा घरयादीचा टप्पा. या जनगणनेत प्रथमच घरबसल्या स्वगणनेची सोय आहे. घरयादीत घर स्वतःचं की भाड्याचं, उजेडासाठी काय वापरता, स्वयंपाकाचं इंधन कोणतं, हेही विचारतात. घर स्वतःचं की भाड्याचं हे अमेरिकेतली दहा वर्षांची जनगणनाही विचारते, पण उजेडाचा आणि इंधनाचा प्रश्न तीत नसतो. इंधनाच्या माहितीसाठी तिथे वेगळी नमुना पाहणी करावी लागते. आपल्याला घराघराचं ऊर्जाचित्र जनगणनेतच मिळतं. त्याचा वापर करणारी महापालिका मात्र शोधावी लागते.

पुणे महापालिका सौर बंब, गांडूळखत प्रकल्प, पावसाच्या पाण्याची साठवण अशा गोष्टींसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते. चांगली योजना आहे, पण ती मिळकतकर भरणाऱ्याला, म्हणजे मालकाला मिळते. पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्याचं छत तापतं ते तापतंच. सवलतीच्या यादीत पत्र्याला पांढरा लेप देणं आलं, आणि ती सवलत भाडेकरू ठेवणाऱ्या मालकाला जास्त मिळाली, तर दोघांचाही फायदा जुळेल. त्याआधी अशा खोल्या कुठे आणि किती आहेत हे घरयादीत नीट यायला हवं. प्रगणक म्हणून येणारे शिक्षक त्या वस्तीला बहुधा नवखे असतात. कुठल्या जिन्याखाली खोली आहे, कुठल्या गच्चीवर पत्रा घालून दोन कुटुंबं राहतात, हे तिथल्या अंगणवाडी सेविकेला, आशाताईंना आणि मीटरचं रीडिंग घ्यायला येणाऱ्या माणसाला ठाऊक असतं. क्षेत्रीय कार्यालयाने घरयादीच्या आधी एक दुपार या मंडळींना प्रगणकांबरोबर बसवलं, तरी कितीतरी दारं यादीत येतील.